आकड्याचं माप आणि डोळ्याचं माप

जुलै लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत सात तलावांची चौकट रोज छापून येते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. प्रत्येकाच्या नावापुढे टक्केवारी आणि बऱ्याचदा शेजारी निळ्या पाण्यानं भरत जाणारे सारख्या उंचीचे सात स्तंभ. बोरिवलीच्या जंगलातला तुळशी सहसा लवकर भरतो. तो ओसंडून वाहू लागल्याची बातमी होते आणि अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये आता पाणीकपात टळणार, अशी चर्चा सुरू होते. चौकटीतला एकही आकडा चुकीचा नसतो, तरी वाचणाऱ्याचा अंदाज पार चुकतो.

सातही तलाव काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी साठतं. त्यातलं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मं, एकट्या भातसाचं. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर आहे, एकूण साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं. त्या हिशेबानं भरलेला तुळशी दोन दिवस पुरतो आणि भरलेला विहार आठवडाभर. शहापूर तालुक्यातल्या भातसाची टक्केवारी नुसती एकानं वाढली, तरी अख्ख्या तुळशीच्या जवळपास जाणारं पाणी साठ्यात येतं. चौकटीत मात्र दोघांचे स्तंभ सारखेच रुंद, सारखेच उंच. पवई तलाव भरल्याची बातमीही याच उत्साहात येते. त्याचं पाणी तर पिण्यासाठी वापरतच नाहीत, ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला जातं.

हीच माहिती वेगळी मांडता येते. सात स्तंभांऐवजी एकच लांब आडवी पट्टी घ्यावी, तिची लांबी म्हणजे एकूण क्षमता. तिच्यात प्रत्येक तलावाला त्याच्या क्षमतेइतकी जागा द्यावी आणि भरलेला भाग गडद करावा. तुळशीची जागा केसाएवढी उरेल, आणि ती तेवढीच दिसायला हवी. खाली लिटरांबरोबर ‘किती दिवसांचं पाणी’ असं दुसरं माप लिहावं, कारण घरात बसलेल्या माणसाचा प्रश्न तोच असतो. शिवाय १ ऑक्टोबरला साठा किती असतो, यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं गणित ठरतं. म्हणून गेल्या काही वर्षांच्या त्याच तारखेच्या खुणा पट्टीवर असाव्यात.

आलेखाची सारी विद्या या एका कसोटीवर तपासता येते: आकड्यांत जेवढा फरक आहे, तेवढाच डोळ्यांना दिसतो का? विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराच्या आकड्यांचा चित्रसंग्रह काढला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, त्यामुळे काळाबरोबर चालणारी रेषा काढता येईना, तेव्हा त्यानं देशागणिक दांड्या काढल्या. आज शाळेत शिकवला जाणारा स्तंभालेख तो हाच. वृत्तालेखही त्यानंच, १८०१ मध्ये. पण कोणता आलेख डोळा किती अचूक वाचतो, हे १९८४ मध्ये प्रयोगानं मोजलं गेलं. बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी लोकांना निरनिराळे आलेख दाखवून फरक ओळखायला सांगितले. एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यांत अचूक सांगतो. लांबी त्याखालोखाल. कोनाचा अंदाज अधिक चुकतो, क्षेत्रफळाचा त्याहून, आणि रंगाच्या गडद-फिक्या छटांवरून आकडा सांगणं सगळ्यांत अवघड.

या निष्कर्षाला रोजच्या कामात फार मोल आहे. सात तलाव सात वर्तुळांनी दाखवायचे ठरवले, तर भातसा तुळशीच्या ८९ पट असल्यानं वर्तुळाचा व्यास साधारण साडेनऊ पट हवा. घाईत व्यासच ८९ पट केला, तर क्षेत्रफळ जवळजवळ आठ हजार पट होतं. आणि व्यास बरोबर घेतला तरी वाचणाऱ्याला ८९ पटींचा अंदाज येईलच असं नाही, कारण क्षेत्रफळ जोखण्यात डोळा कच्चा. घागरी, टँकर, माणसांच्या आकृत्या लहान-मोठ्या काढून आकडे दाखवण्याची हौस याच कारणानं आवरायला हवी.

पावसाच्या आकड्यांनी तर उपनगराला धडाच दिला आहे. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४.२ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. एवढा पाऊस तिथे सरासरीनं अख्ख्या जुलैतही पडत नाही. कुलाब्यात त्याच २४ तासांत ७५ मिलीमीटरसुद्धा झाला नाही. दोन्ही वेधशाळांची सरासरी काढून ‘मुंबईचा पाऊस’ असा एक स्तंभ काढला, तर तो पाचशेच्या आसपास जातो. असा पाऊस त्या दिवशी दोन्हीपैकी कुठेही पडलेला नव्हता. रंगांच्या नकाशात वेगळीच अडचण. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.५ मिलीमीटर आणि त्यापुढचा सगळा पाऊस एकाच सर्वोच्च वर्गात मोडतो. म्हणजे २०५ आणि ९४४ यांना एकच रंग. इशारा देण्यासाठी ही वर्गवारी योग्यच आहे, पण २६ जुलै काय होता हे पुढच्या पिढीला सांगायला ती पुरत नाही. तिथे रंगाच्या चौकोनात आकडा लिहायलाच हवा.

आणि २४ तासांचा स्तंभ तरी पुरेसा आहे का? त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलीमीटर पाऊस कोसळला होता. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलीमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेतानं बांधलेल्या होत्या. नंतरच्या सुधारणेत हे लक्ष्य ५० मिलीमीटरवर नेलं गेलं. त्यामुळे खरा बोलका आलेख तासागणिक पावसाचा, आणि त्यात २५ व ५० वर आखलेल्या दोन आडव्या रेषांचा. त्या रेषा नसतील तर १९० हा नुसता मोठा आकडा राहतो. त्या आल्या की गटार कुठे हरलं ते कळतं. त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. पाऊस डावीकडच्या अक्षावर आणि भरती उजवीकडच्या अक्षावर घालून दोन्ही रेषा एकमेकींत गुंतवण्याचा मोह मोठा असतो. पण दोन अक्षांची प्रमाणं काढणारा ठरवतो, आणि ती बदलली की रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदू लागतात. त्यापेक्षा एकाखाली एक असे दोन आलेख काढावेत आणि दोघांना वेळेचा आडवा अक्ष एकच ठेवावा. पाऊस आणि भरती एकाच वेळी शिगेला होते का, ते नजर खाली-वर नेऊन कळतं. २००६ पासून शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि १५-१५ मिनिटांच्या नोंदी मिळू लागल्या, त्यामुळे असे आलेख आता विभागागणिक काढता येतात.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा की नाही, हा वाद जुना आहे. उत्तर आलेखाच्या प्रकारावर ठरतं. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८६,४०,४१९ होती, २०११ मध्ये ९३,५६,९६२ झाली. वाढ सव्वाआठ टक्क्यांची. हे दोन स्तंभ ८५ लाखांपासून सुरू होणाऱ्या अक्षावर उभे केले, तर दुसरा पहिल्याच्या सहापट उंच दिसतो. उपनगर दहा वर्षांत फुटायला आलं, असं सांगायला एवढं चित्र पुरे. स्तंभाची लांबीच आकडा सांगते, म्हणून स्तंभाचं मूळ कापता येत नाही. बालभारतीच्या पुस्तकात अक्षावर काढायचं अक्षसंकोच चिन्ह मुलांना शिकवतात आणि आलेखाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नाही तर गुण कापतात. छापील पानावर येईतो या दोन्ही गोष्टी गळून पडतात, हे दुःखद आहे.

रेषालेखाचं तसं नाही. तिथे डोळा चढ-उतार पाहतो, पायापासूनची उंची नव्हे. हवेचं तापमान किंवा तलावाची पातळी शून्यापासून काढली, तर रेषा सपाट होऊन तिच्यातलं सगळं बोलणं बंद होतं.

भाजक हा त्याहून मोठा प्रश्न, आणि तो रेघ ओढण्याआधीचा आहे. कोविडच्या काळात मुंबईच्या २४ प्रशासकीय विभागांचे रुग्णांचे आकडे रोज जाहीर होत. २०११ च्या जनगणनेनुसार डोंगरी-मशीद बंदरच्या बी विभागात सुमारे १ लाख २७ हजार माणसं, तर मालाडच्या पी उत्तर विभागात ९ लाख ४१ हजार. साथ दोन्हीकडे अगदी सारखी असती, तरी मालाडचा स्तंभ सातपटीहून उंच गेला असता. उपनगरांतले विभाग लोकसंख्येनं मोठे असल्यानं नुसत्या आकड्यांच्या यादीत अंधेरी, मालाड, बोरिवली वर दिसणारच होते. दर लाख लोकांमागे किती, हा आकडा काढला असता तर क्रम बराच बदलला असता. अर्थात खाटा किती लागतील हे ठरवायला एकूण संख्याच हवी, तिथे दर लाखाचा आलेख उपयोगाचा नाही. कोणासाठी काढायचा आहे, ते आधी ठरलं पाहिजे.

नकाशाला रंग भरताना भूगोल आडवा येतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे, एकूण सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात असला, तरी उपनगराच्या वाट्याला आलेलं जंगल नकाशावर भलंमोठं दिसतं. विभागाच्या हद्दीत एकसारखा रंग भरला की माणसांचा रंग बिबट्यांच्या वस्तीलाही लागतो. मुलुंडची घनता कमी दिसते, आणि प्रत्यक्षात स्टेशनच्या दोन्ही अंगांना माणूस माणसाला चिकटून राहतो. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जॉन राइट यांनी १९३६ मध्ये केप कॉडच्या नकाशात यावर उपाय दाखवला होता: जिथे वस्ती नाही तो भाग आधी वगळायचा आणि उरलेल्या जमिनीवर माणसं वाटायची. मुंबईच्या नकाशातून उद्यान, आरे, खाजणं आणि विमानतळ वगळले की उपनगराचं चित्र आमूलाग्र पालटतं.

सरासरीत काय बुडतं, त्याचा दाखला जुलै २०२० च्या रक्तचाचणी सर्वेक्षणात मिळाला. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा इथल्या तीन विभागांत ६,९३६ नमुने घेतले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. दोन बिंदू शेजारी शेजारी ठेवले की एका शहरातली दोन शहरं दिसतात. एकच टक्केवारी छापली असती तर दोन्ही नाहीशी झाली असती. अशा पाहणीचे आकडे अंदाज असतात, म्हणून बिंदूच्या दोन्ही बाजूंना शक्यतेचा पल्ला दाखवणारी रेघ हवी. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार आकडे येतात, तेव्हा एक-दोन टक्क्यांच्या फरकावर मथळे सजतात. अशी रेघ छापली तर त्यातले बरेच मथळे उरणार नाहीत.

जगभरच्या साथशास्त्राच्या पुस्तकांत मुंबईचा एक आलेख आहे, आणि तो मुंबईकरांनी पाहायलाच हवा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगनं दर आठवड्याला किती मृत्यू झाले, याचे ठिपके त्यात आहेत. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो छापला. ठिपके हळूहळू चढतात, आठवड्याला नऊशेच्या आसपास शिखर गाठतात आणि उतरतात. त्यांच्यामधून समीकरणानं काढलेली एक सुबक वक्ररेषा जाते. ती इतकी नेमकी बसते की पाहणाऱ्याची खात्रीच पटते: रोग माणसांत पसरला, लागण होण्याजोगी माणसं कमी झाली, साथ ओसरली. कोविडकाळी पडद्यावर दिसलेल्या सगळ्या वक्ररेषांची पूर्वज ती हीच.

मात्र हा प्लेग उंदीर आणि पिसवांच्या मार्फत येत होता, आणि मुंबईत तो १८९६ पासून वर्षानुवर्षं ठरावीक ऋतूत उसळत होता. एकाच वर्षाचा तुकडा कापून आलेख काढला की ऋतू दिसेनासा होतो. पाच-सहा वर्षांचे आलेख एकाखाली एक लावले असते, तर दर वर्षी त्याच महिन्यांत उठणाऱ्या लाटा पाहून कोणालाही वेगळी शंका आली असती. गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: साथ ओसरण्यामागे ऋतूचा हात होता, आणि रेषा नीट बसली म्हणजे तिच्यामागचं कारण सिद्ध झालं असं होत नाही. त्याच काळात परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधकांनी काढलेले आलेख म्हणून जास्त मोलाचे वाटतात. त्यांनी उंदरांमधला प्लेग आणि माणसांमधला प्लेग एकाच काळपट्टीवर मांडला. आधी उंदीर, मग माणूस, हा क्रम समीकरणाशिवाय दिसला. ‘मुंबई बेट’ हे शीर्षकातले दोन शब्दही महत्त्वाचे. प्लेगच्या धास्तीनं माणसं बेट सोडून साष्टीकडे, वांद्रे-अंधेरीच्या बाजूला सरकत होती. म्हणजे मृत्यूंना ज्या लोकसंख्येनं भागायचं, तीच पायाखालून हलत होती.

सुंदर आणि अचूक आलेख पाहायचा असेल तर रेल्वेच्या नियंत्रण कक्षात जावं. आडवा अक्ष वेळेचा, उभ्या अक्षावर स्टेशनं, आणि ती एकमेकांपासून खऱ्या अंतराच्या प्रमाणात. चर्चगेटपासून अंधेरी २२ किलोमीटर, बोरिवली ३४. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. गाडी थांबली की रेघ क्षणभर आडवी होते. दोन विरुद्ध दिशांच्या रेघा जिथे छेदतात, तिथे गाड्या एकमेकींच्या शेजारून जातात. अंधेरीपर्यंत धडधडत आलेली जलद लोकल बोरिवलीकडे सगळ्या स्टेशनांवर थांबत निघाली की रेघेचा चढ तिथेच मोडतो. सकाळच्या गर्दीत रेघा इतक्या दाट होतात की एक लोकल पाच मिनिटं रखडली तर मागच्या किती गाड्या अडकतील, ते नियंत्रकाला बोट न फिरवताही दिसतं. मध्यरात्रीनंतर मोकळी पट्टी उरते, आणि रविवारी मेगाब्लॉकनं आणखी एक. फ्रान्समध्ये एटियेन-ज्यूल मारे यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात पॅरिस-लिऑन मार्गाचा असा आलेख छापला आणि त्याचं श्रेय इब्री नावाच्या अभियंत्याला दिलं. जवळपास दीडशे वर्षं होत आली तरी त्याहून चांगली मांडणी कोणाला सुचलेली नाही.

प्रवाशाला मात्र हा आलेख कामाचा नाही. घाटकोपरला मध्य रेल्वे सोडून मेट्रोनं अंधेरी गाठायची असेल, तर त्याला फक्त कुठे उतरायचं आणि कुठे बदलायचं हे हवं. २०१४ मध्ये सुरू झालेली ११.४ किलोमीटरची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो १२ स्टेशनांची आहे. त्यांच्यातलं अंतर नकाशात खरं असलं काय, नसलं काय, त्याचं अडत नाही. हॅरी बेक यांनी १९३३ च्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशात अंतरं बिनदिक्कत सोडून दिली. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या अभिकल्प विद्यालयात तयार झालेला मुंबई रेल्वेचा नकाशाही त्याच जातकुळीचा. एकच रेल्वे, दोन चित्रं, आणि दोन्ही खरी.

रंगाविषयी थोडक्यात. एप्रिल २०१५ पासून देशात हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक सहा रंगांत सांगितला जातो, हिरव्यापासून तपकिरी लालपर्यंत. समजा बोरिवलीत निर्देशांक १९९ आणि अंधेरीत २०१ असेल, तर एक ‘मध्यम’ आणि दुसरा ‘वाईट’ ठरतो, रंगही बदलतो. दोन्ही ठिकाणची हवा जवळपास तीच. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे पुरुष प्रत्येक इमारतीत असतील, आणि घरच्या प्रिंटरवर तर सगळंच करडं निघतं. रंगासोबत आकडा छापला की दोन्ही अडचणी मिटतात. हे इतकं सोपं असूनही होत नाही.

मराठी वाचकांचा एक हक्काचा मुद्दा राहतो. विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख, आयतालेख, वारंवारता बहुभुज ही नावं आठवी ते दहावीत शिकून बाहेर पडलेली लाखो माणसं उपनगरांत आहेत. आलेख वाचायची त्यांची तयारी असते. तरी मराठी पानावर अक्षांची नावं इंग्रजीत राहतात, दशलक्ष आणि कोटी यांची सरमिसळ होते, आणि १४,४७,३६३ दशलक्ष लिटर म्हणजे १,४४,७३६ कोटी लिटर हे कोणी सांगत नाही. रेषांची नावं कोपऱ्यातल्या सूचीत न कोंबता थेट रेषेच्या टोकाशी लिहिली, तर लोकलमध्ये उभ्यानं फोन धरून वाचणाऱ्यालाही ती सापडतील.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. तोपर्यंत अंधेरी असो की घाटकोपर, दर लाख लोकांमागचा कोणताही आकडा बहुतेक वेळा २०११ च्या लोकसंख्येनं भागूनच निघतो, आणि मधल्या काळात जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत, कुटुंबं विरार-बदलापूरकडे गेली आहेत. म्हणून अशा प्रत्येक आलेखाखाली भाजकाचं वर्ष छापलं पाहिजे. नवे आकडे आले की पहिल्या दिवशी २०११ आणि २०२७ चे स्तंभ शेजारी उभे राहतील. त्याआधी कोणत्या विभागाची हद्द मधल्या सोळा वर्षांत बदलली, हे तपासून जुने आकडे नव्या हद्दींवर पुन्हा मांडावे लागतील. हे काम किचकट आहे, आणि जनगणनेच्या मथळ्यांची वाट न पाहता ते आत्ताच हाती घेता येण्याजोगं आहे.